ग्यानबाने जोखलेली बॅटरी

आमच्या झरीत सरकारी रेडिओ आला तेव्हा त्याला आधी हळद लावावी की कुंकू, यावर चावडीत अर्धा तास वाद झाला होता. सत्तावन्न साल होतं. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन सात-आठ महिने झाले होते. रेडिओबरोबर एक कागदही आला. रेडिओ चावडीत ठेवावा, रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात असा एक तास लावावा, शेतीच्या गोष्टी आणि बातम्या सगळ्या गावाने ऐकाव्यात, वेळेबाहेर कोणी हात लावू नये. कागद मीच वाचून दाखवला. मी शाळेचा मास्तर. गावात सलग चार ओळी लिहिणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून रेडिओ मंडळाचा चिटणीसही मीच झालो. अध्यक्ष अर्थातच किशनराव. दीडशे एकर जमीन असलेला माणूस ज्या मंडळात असेल तिथे अध्यक्ष कोण, हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही.

वीज गावात नव्हती. रेडिओ चालायचा तो मोटारीत असते तसल्या जड, सहा व्होल्टच्या बॅटरीवर. ती महिन्याला परभणीला न्यायची, चार्ज करून आणायची. हे काम किशनरावांनी आपल्याकडे घेतलं, कारण गाडी-बैल त्यांचे. आणि रोज रेडिओ लावायचं काम आलं ग्यानबाकडे.

ग्यानबा धनगर आळीतला. वय तीसच्या आसपास. दोन वर्षं परभणीला एका लॉरीवर क्लीनर होता, त्यामुळे बॅटरीचं अधिक-उणं त्याला कळत होतं. बाप वारला तसा तो मेंढरं सांभाळायला परत आला. चावडीची किल्ली तो करगोट्याला बांधायचा आणि तशीच घेऊन मेंढरांमागे जायचा. धनगराच्या कमरेला चावडीची किल्ली, हे गावातल्या काही पोटात दुखणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. ग्यानबाला मात्र त्या किल्लीचा फार अभिमान होता. साडेसहा म्हणजे साडेसहा. एक दिवस मिनिटाचा फरक पडला नाही.

पहिला महिना बॅटरी पुरली. दुसऱ्या महिन्यात विसाव्या दिवशीच रेडिओ घोगरा होऊन गप्प झाला. तिसऱ्या महिन्यात बाराव्याच दिवशी. महिन्यातून एकच खेप, त्यामुळे पुढचे अठरा दिवस गाव चावडीसमोर येऊन बसायचं आणि मुक्या पेटीकडे बघून परत जायचं. परभणीला बॅटरी चार्ज करणारा चंद्रभान व्होल्टचा काटा लावून दाखवायचा, 'पुरी भरलीय साहेब, बघून घ्या.' आणि काटा खरंच शेवटापर्यंत जायचा. मग भरलेली बॅटरी रिकामी करतो कोण? उत्तर सोपं होतं. किल्ली ज्याच्याकडे, तो.

"धनगर आळीत दिवे लागायलेत म्हनं," किशनराव मला म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण असा थंडपणे घेतलेला संशय रागापेक्षा वाईट असतो. मी हसून वेळ मारून नेली. मला खरं माहीत होतं, निदान थोडंसं माहीत होतं.

शाळा चावडीला लागून होती. दुपारी पोरं जेवायला घरी गेली की एक दिवसाआड भिंतीपलीकडून बारीक आवाज यायचा. पुण्याहून बायकांचा कार्यक्रम लागायचा त्या वेळी. खरखर जास्त, गाणं कमी. मी एकदा खिडकीतून पाहिलं. चावडीचं दार लोटलेलं होतं. बाहेर लिंबाखाली ग्यानबा चातीवर लोकर कातत बसला होता. आत त्याची धाकटी बहीण दगडाबाई, हातातली केरसुणी तशीच धरून, सारवलेल्या जमिनीवर बसली होती आणि रेडिओकडे बघत होती.

दगडाबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी पटकीने गेला. परत माहेरी आली ती बोलणं विसरूनच. विचारलं तर 'व्हय', नाहीतर तेही नाही. चावडी झाडायचं-सारवायचं काम तिच्याकडे होतं. संध्याकाळी चावडीत पुरुषच पुरुष. तिथे तिने बसायचा प्रश्नच नव्हता. ग्यानबाने तिला सांगून ठेवलं होतं, रेडिओ दुपारी थोडा तापवावा लागतो, नाहीतर आतून सर्द होतो. तिला ते खरं वाटत होतं. आणि त्या अर्ध्या तासानंतर, ग्यानबा मला नंतर म्हणाला, ती घरी आल्यावर भाकरी करता करता काहीतरी गुणगुणायची.

मी हे कोणाला बोललो नाही. मोठं मन म्हणून नव्हे. मलाही दुपारचं ते गाणं आवडायचं.

तिसऱ्या महिन्यात बॅटरी मेली त्या आठवड्यात ग्यानबा दुपारी शाळेत आला आणि उंबऱ्यावर बसला.

"मास्तर, दुपारचा रेडिओ तुमाला ऐकू येतो न्हवं?"

"येतो."

"मला वाटलंच." तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "म्या मोजून धरलंय. या बारा दिसांत सात डाव लावला. अर्धा अर्धा तास. म्हंजे साडेतीन तास. पर बॅटरी महिनाभर पुराया पायजे. मंग बाकीची कुठं जायलीय? माझ्या पापानं किती गेली आन् तिची ती किती गेली, हे मला समजाया पायजे. न्हाईतर मला भाकर गोड लागंना गेलीय."

"चंद्रभानचा काटा तर पुरी दाखवतो."

"त्या काट्याचं काय घेऊन बसलाव? बाजारात बैल नुसता उभा असला की लय ताजा दिसतो. गाडीची चाकं बांधून वढाया लावला की मंग त्याचं खरं कळतं. बॅटरीला बी वढाया लावल्याबिगर कळायचं न्हाई."

मी वर्गात पोरांना विज्ञानाचं पुस्तक वाचून दाखवणारा माणूस. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थोडी लाज वाटली आणि थोडा रागही आला, त्याचा नव्हे, माझा.

ओढायला काय लावायचं? आधी त्याने एका मोडक्या लॉरीचा मोठा दिवा आणला. दिवाळीची सुट्टी होती, शाळेच्या ओसरीत आम्ही तो नुकत्याच भरून आलेल्या बॅटरीला जोडला. दिवा झकास पेटला. पण बॅटरी दमत गेली तसा तो तांबडा होत गेला, आणि जितका तांबडा तितकं त्याचं ओढणंही कमी. ती नक्की कधी संपली ते सांगता येईना. ग्यानबा वैतागला. "बैल दमला की वझं बी हलकं व्हायलंय. असा कुठं कस असतो व्हय?"

मग त्याला आठवलं. परभणीला तंबूतल्या सिनेमावाल्याचा जनरेटर दुरुस्त झाला की मिस्त्री एका पिंपात मिठाचं पाणी भरायचा, त्यात दोन पत्रे सोडायचा आणि जनरेटरवर भार टाकायचा. पत्रे खोल सोडले की भार जास्त, वर घेतले की कमी. ग्यानबाने घरातली लोणच्याची बरणी आणली. लोहाराकडून चाकाच्या जुन्या धावेच्या दोन पट्ट्या तोडून घेतल्या. एक बरणीच्या कडेला पक्की बांधली, दुसरी बांबूच्या काडीला, खालीवर करता येईल अशी. मधे लॉरीचा, करंट दाखवणारा काटा. परभणीला जाऊन बॅटरी पुन्हा भरून आणली आणि व्होल्टचा काटा चंद्रभानकडून आठ दिवसांसाठी मागून आणला. आधी रेडिओ लावून तो किती करंट ओढतो ते पाहिलं, आणि काटा थांबला तिथे काचेवर चुन्याचा ठिपका दिला. आता बरणीनेही तेवढंच ओढायचं, रेडिओइतकंच, कमी नाही की जास्त नाही.

पहिल्या दिवशी मीठ जास्त झालं. पट्टी पाण्यात टेकताच काटा दुसऱ्या टोकाला आपटला, तारेवरचं कापड जळून धूर निघाला आणि ग्यानबाचा तळहात भाजला. त्याने हाताला तेल चोळलं, पाणी ओतून दिलं आणि पुन्हा चिमटी चिमटीने मीठ टाकत बसला. दुसऱ्या दिवशी नवीनच कटकट. पाणी तापलं की काटा ठिपक्याच्या पुढे सरके, मग पट्टी वर घ्यावी लागे. बॅटरी दमली की काटा मागे येई, मग पट्टी खाली सोडावी लागे. म्हणजे दिवसभर एका माणसाने काडी धरून, काट्यावर डोळा ठेवून बसायचं. तो बसला. मेंढरं आळीतल्या आश्रुबाच्या हवाली केली आणि बसला. जेवतानाही उजवा हात काडीवर आणि डाव्याने भाकरी. पाणी गंजाने तांबडं-हिरवं झालं होतं आणि ओसरीभर उग्र वास सुटला होता.

दगडाबाई भाकरी घेऊन यायची. एकदा तिने आपणहून विचारलं, "काय करायलास रे दादा?"

"बॅटरीची धार काढायलो. किती शेर देती बघायलो."

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

व्होल्टचा काटा ज्या खुणेखाली गेला की रेडिओ मुका होतो, ती खूण आली पंधराव्या तासाला. शाळेच्या घड्याळावर मी स्वतः तास मोजून पाटीवर मांडले होते. मग ग्यानबा परभणीला गेला. चंद्रभानच्या हातापाया पडून त्याने त्याच मापाची एक नवी बॅटरी उसनी आणली. तिला तीच बरणी, तोच ठिपका. सकाळ ते संध्याकाळ असे तीन दिवस. ती निघाली सव्वातीस तास.

तिसऱ्या दिवशी व्होल्टचा काटा परत न्यायला चंद्रभान स्वतःच आला. बरणी बघून आधी तो खो खो हसला. मग पाटीवरचे आकडे वाचले आणि हसायचा थांबला. गावच्या बॅटरीची बुचं काढून त्याने आत काचेची नळी सोडली, तर तळातून मातकट गाळ वर आला.

"यात नाल्याचं पानी कोनी घातलं?" तो म्हणाला. "बॅटरीला शुद्ध पानी लागतं, दुकानातलं. या गाळानं तिचा जीव घेतलाय."

मला ताबडतोब उमगलं. परभणीहून येताना वाटेत ओढा लागतो. तिथे किशनराव बैल सोडून पाणी पाजतात. 'बॅटरीत पाणी कमी पडू देऊ नका,' असं चंद्रभानने त्यांना सांगितलं होतं. कोणतं पाणी ते सांगितलं नव्हतं. म्हणून दर खेपेला बैल प्यायले की किशनराव तांब्याने बॅटरीलाही ओढ्याचं पाणी घालत. मोठ्या मायेने घालत. हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं.

ग्यानबा त्या संध्याकाळी पाटी मांडीवर घेऊन बसला. "म्हंजे म्या दुपारचा लावला नसता तरी पंधराव्या दिशी ती मेलीच असती."

"मेलीच असती."

"पर बाराव्या दिशी मेली, ते माझ्यामुळं. तीन दिस माझे."

"गप बस," मी म्हणालो. "तीन दिवसांचं कोणाला सांगू नकोस. दगडाबाईचं म्होतूर ठरायलंय ना?"

ठरायलं होतं. धनगरांत विधवेला पुन्हा घर करता येतं, त्यालाच म्होतूर म्हणतात. पाथरीकडचं बरं स्थळ आलं होतं, बोलणी अर्ध्यावर आली होती. भरदुपारी, दार लोटून, बाई चावडीत एकटी बसायची, एवढं एक वाक्य गावात सुटलं असतं की त्याला दुसऱ्या दिवशी हातपाय फुटले असते. ती तिथे रेडिओ ऐकत होती यावर पाथरीत कोण विश्वास ठेवणार होतं? ग्यानबाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

सुट्टी संपल्यावर चावडीत बैठक बसली. चंद्रभानने दोन्ही बॅटऱ्या पुन्हा भरून, काट्यासकट, बैठकीपुरत्या दिल्या होत्या; ग्यानबाने त्या मांडल्या. नुसता काटा लावला तर दोन्ही सारख्या. मग त्याने बरणीतली पट्टी खाली सोडली. नव्या बॅटरीचा काटा जागचा हलला नाही. जुनीचा काटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घसरत गेला. माणसं पुढे सरकली. कोणीतरी म्हणालं, "आरं, ही तर बसकी निघाली." मी तास वाचून दाखवले, पंधरा आणि सव्वातीस. ग्यानबाच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो आठवला की अजून मला त्रास होतो.

"पर खराब झाली कशानं?" एकाने विचारलं.

मी बोलायच्या आत ग्यानबा बोलून गेला. त्याला वाटलं, हिशोबातली गोष्ट आहे, सांगावी. "वढ्याच्या पान्यानं. परभनीहून येताना पानी घातलं जातं न्हवं, त्यानं गाळ बसला."

सगळ्यांनी किशनरावांकडे पाहिलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानेच घात केला.

किशनराव हसणाऱ्याकडे वळून परत नीट बसले. मग शांतपणे म्हणाले, "बरं. बॅटरी खराब निघाली. चूक आमची. नवी आनू. आता ग्यानबा, गावाच्या मनात शक नको. बिरोबाचा भंडारा उचल आन् म्हन, की वेळेबाहेर म्या रेडिओ लावला न्हाई. मंग किल्ली तुझीच."

आश्रुबा बिरोबाची पूजा करणारा. त्याला बोलावणं गेलं, तो पितळी ताटलीत हळदीचा भंडारा घेऊन आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो तर खूश होता. "उचल लेकरा," म्हणाला, "उचल आन् मोकळा हो." आमच्याकडे धनगराने भंडारा उचलून सांगितलेल्या गोष्टीवर पुढे कोणी अक्षर बोलत नाही. आणि धनगर भंडाऱ्यावर खोटं बोलत नाही. कोर्टात बोलेल, बाजारात तर हमखास बोलेल. भंडाऱ्यावर नाही.

ग्यानबाने ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी किती सहज बोलू शकलो असतो. 'दुपारी रेडिओ मीच लावायला सांगायचो, शाळेसाठी.' एवढं एकच वाक्य. मला कोणी भंडारा उचलायला सांगणार नव्हतं. दगडाबाईचं नाव आलं नसतं, ग्यानबाची किल्ली राहिली असती, फार तर मला वरून एखादा ताशेरा आला असता. हे वाक्य मला तेव्हाच सुचलं होतं. नंतर सुचलं असं सांगून मी सुटू शकत नाही. मी पाटीवरचे आकडे बघत बसलो.

"म्या उचलत न्हाई," ग्यानबा म्हणाला.

"कामून?"

"न्हाई उचलत."

त्याने करगोट्याची गाठ सोडली, किल्ली ताटलीशेजारी ठेवली आणि निघाला. आश्रुबा त्याच्या मागे दारापर्यंत गेला, काहीतरी बोलला, परत आला. बरणी तशीच चावडीत राहिली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातलं पाणी उकिरड्यावर ओतलं.

गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. बॅटरी जोखायचा सगळा खटाटोप चोरी झाकायलाच होता, असंही म्हटलं. किल्ली किशनरावांच्या पुतण्याकडे गेली. नवी बॅटरी आली, आणि तिच्याबरोबर शुद्ध पाण्याची बाटलीही आली. किशनरावांनी ती न बोलता आणवली. दुपारचा रेडिओ बंद झाला.

दगडाबाईचं म्होतूर माघात लागलं. नवरा चांगला मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेशी आली, बाहेरच उभी राहिली.

"मास्तर, तुमी तिथं व्हता. दादानं भंडारा कामून उचलला न्हाई?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"लोक म्हनत्यात, घरात दिवा लावायचा. घरात तर कंदीलच व्हता. मंग कुठं नेत व्हता त्यो?" तिचे डोळे भरले. तिला भावाची लाज वाटत होती आणि त्या लाजेचंच तिला वाईट वाटत होतं. मी तेव्हाही काही बोललो नाही. पाथरीला जाणाऱ्या बाईच्या डोक्यात आता हे कशाला घालायचं, अशी मी माझी समजूत घातली.

नवीन बॅटरीचा महिना भरला त्या दिवशी मी पेडगावच्या शिवारात गेलो. ग्यानबाची मेंढरं तिथे एका शेतात बसवली होती. तो एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मला बघून उठला, घोंगडी झटकून अंथरली.

"बॅटरी पुरली," मी सांगितलं. "रोज एक तास, तीस दिवस. काल संध्याकाळपर्यंत चालली."

"तीस?" त्याचा चेहरा उजळला. "पुरी तीस? आपली सव्वातीस निघाली व्हती बगा. बरुबर निघाली की मंग बरनी." तो भाजलेल्या तळहातावरचा डाग चोळत राहिला. मलाही बरं वाटलं. शेवटी त्याच्या मेहनतीनेच गावाला चांगली बॅटरी मिळाली, असं काहीतरी मी बोलायला लागलो होतो.

त्याचा चोळणारा हात मधेच थांबला. तो मेंढरांकडे वळला.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हंजे माझ्या हातात व्हती तवर बारा दिस. माझ्या हातातून गेली आन् तीस दिस पुरली."

मी मान खाली घातली. गाव महिनाभर वाट बघत होतं ते याचीच, आणि सकाळपासून चावडीत हेच बोललं जात होतं.

"मंग आता माझं कोन ऐकंल," ग्यानबा म्हणाला, आणि खाली बसून त्याने मेंढीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला.